११२ ला फोन केल्यावर पुढे काय होतं? पोलिसांच्या मोबाईलमधलं आयआयटीचं ॲप, डोंगरकड्याच्या रस्त्यावरून समजून घेऊ

आजचा विषय थोडा वेगळा आहे. कोणता फोन घ्यावा, कोणता रिचार्ज परवडतो हे आपण नेहमीच बघतो. आज बघू की आयआयटीसारख्या संस्थेत बसलेले संशोधक आणि रस्त्यावर उभा असलेला पोलीस हवालदार एकत्र काम करतात तेव्हा नेमकं काय तयार होतं, आणि त्यात तुमच्या-माझ्या फोनचा काय संबंध.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी डोंगरकड्याचा. नांदेडहून अर्धापूर सोडलं की वारंगा फाट्याच्या आधी आमचं गाव येतं. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. केळी आणि ऊस, त्यामुळे हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. अशाच एका हंगामात रात्री नऊच्या सुमारास माझा मावसभाऊ मोटारसायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, लाईट तर नव्हतीच. मी दुसऱ्या गाडीवर त्याच्या मागेच होतो. पाय मोडलाय हे बघूनच कळत होतं.

मी ११२ लावला. फोन लगेच उचलला गेला. पहिला प्रश्न आला, "कुठं आहात?"

मी म्हणालो, "डोंगरकड्याच्या थोडं पुढं."

"जिल्हा कोणता?" हिंगोली म्हणालो, मग वाटलं आपण अर्धापूरच्या बाजूला तर नाही ना, म्हणजे नांदेड. "फाट्यापासून किती अंतर? कोणत्या दिशेला?" मला सांगता येईना. गेममध्ये शत्रू कुठल्या बाजूला किती मीटरवर आहे हे मी झोपेत सांगेन. इथे हातात पंचवीस हजारांचा फोन, जीपीएस चालू, आणि मी सांगतोय "ते वडाचं झाड आहे ना, त्याच्या पुढं."

शेवटी ट्रॉलीवाले मामा टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला गेले आणि ओरडले, "बाबा, इथं दगड हाय बघ, नंबर सांग त्यांला." किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला आणि पुढचं सगळं भराभर झालं. भाऊ वाचला, पायात रॉड आहे, आता चालतो. पण तो दगड सापडेपर्यंत गेलेला वेळ माझ्या खात्यावर आहे.

नंतर पोलीस आले. एकाने खिशातून फोन काढला, ट्रॉलीचे, गाडीचे, रस्त्याचे फोटो घेतले आणि तिथेच उभं राहून माहिती भरायला लागले. मला वाटलं व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवतायत. विचारलं तर म्हणाले, "आयरॅड." तिथून हा लेख सुरू झाला.

फोन उचलणारा माणूस कुठे बसलेला असतो?

आधी ११२ समजून घेऊ, कारण माझी पहिली चूक इथेच होती. मला वाटायचं ११२ लावला की जवळच्या पोलीस ठाण्यात रिंग वाजते. तसं नाही. महाराष्ट्रात ११२ चे कॉल घेणारी मोठी केंद्रं नवी मुंबईत महापे इथे आणि नागपुरात आहेत. तिथला कर्मचारी तुमची माहिती लिहून घेतो, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर. ही देशभरची यंत्रणा तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने उभी केली आहे.

म्हणजे माझ्याशी बोलणाऱ्या व्यक्तीने डोंगरकडा कधी पाहिलेलंच नसणार. "वडाचं झाड" तिला काय सांगणार? अजून गंमत बघा. आमच्याकडे वारंगा फाटा आहे आणि नागपूरजवळही वारंगा आहे, ट्रिपल आयटी नागपूर जिथे आहे ते. फोनवर घाबरून नुसतं "वारंग्याजवळ" म्हणालात तर समोरच्याने कोणता वारंगा समजायचा? म्हणून गाव, तालुका, जिल्हा या क्रमाने बोलायचं. जिल्ह्याच्या हद्दीवर असाल तर दोन्हीकडच्या मोठ्या गावांची नावं सांगायची: "अर्धापूरकडून वारंगा फाट्याकडे जाताना डाव्या हाताला."

हद्दीवरून गुन्हा कुठे नोंदवायचा ही चिंता तुम्ही करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते.

आयरॅड म्हणजे काय?

पूर्ण नाव इंटिग्रेटेड रोड ॲक्सिडेंट डेटाबेस, म्हणजे रस्ते अपघातांची एकत्रित नोंदवही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा प्रकल्प, पैसा जागतिक बँकेच्या मदतीचा, रचना आयआयटी मद्रासची आणि देशभर राबवायचं काम एनआयसीचं. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. वेंकटेश बालसुब्रमणियन यांची आरबीजी लॅब रस्ता सुरक्षेवर काम करते, तिथलं हे डोकं. सुरुवात ज्या सहा राज्यांत झाली त्यात महाराष्ट्र होता. बाकीची उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडू. ही सहाच का, तर अपघाती मृत्यू इथे जास्त.

किती जास्त? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. आणि देशभरच्या मृतांपैकी जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे आपल्याच वयाची, आपल्यासारखी.

आता ॲप कसं चालतं ते बघा. हवालदार अपघाताच्या जागी ॲप उघडतो. जागा जीपीएसवरून येते. गाडीचा नंबर टाकला की मालक, विमा, फिटनेस ही माहिती 'वाहन' या सरकारी नोंदीतून येते, लायसन्सची माहिती 'सारथी'मधून. फोटो जोडले जातात. रस्ता कसा होता, उजेड किती, हवामान काय, हेल्मेट होतं का, कोण कशाला धडकलं हे भरायचं. नोंद झाली की त्या अपघाताला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मग त्याच क्रमांकाखाली इतर खात्यांना सूचना जाते: रस्त्याच्या इंजिनिअरने येऊन रस्ता तपासायचा, आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासायची, दवाखान्याने जखमांची माहिती भरायची.

पूर्वी काय व्हायचं? पंचनामा कागदावर, तो ठाण्यात. गाडीची तपासणी आरटीओत. रस्त्याचं काय ते बांधकाम खात्यात, तेही कोणी कळवलं तर. दवाखान्याचे कागद दवाखान्यात. एकाच अपघाताचे चार तुकडे चार कपाटांत, आणि वर्षाच्या शेवटी दिल्लीला जायचे ते नुसते आकडे. नेमका कुठे, कसा, कशामुळे, हे त्यात नसायचंच.

एका चुकीच्या पिनने काय बिघडतं

इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळा खेळ इथे आहे.

राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण जागा, कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या आहे. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. तेवढं भरलं की ती जागा यादीत जाते आणि तिथे दुरुस्तीचा विषय निघतो: दिवे, फलक, दुभाजक, सर्व्हिस रोड, काय लागेल ते.

आता समजा एका फाट्यावर तीन वर्षांत पाच गंभीर अपघात झाले. दोन नोंदी बरोबर फाट्यावर पडल्या. दोन नोंदी दोन किलोमीटर मागे, कारण सांगणाऱ्याने "गावाजवळ" एवढंच सांगितलं. एक नोंद ठाण्यात परत गेल्यावर भरली आणि जागा दुरुस्त करायची राहून गेली. फोनचं जीपीएस फोन जिथे असतो तिथली जागा दाखवतं, अपघात कुठे झाला हे त्याला काय माहीत! मग कॉम्प्युटरच्या नकाशावर त्या फाट्यावर किती अपघात? दोन. ब्लॅक स्पॉट होत नाही. फाटा तसाच राहतो, आणि सहावा अपघातही तिथेच होतो.

आयआयटीतलं गणित कितीही हुशार असू द्या, ते या पाच टिंबांवरच चालतं.

आणि प्रश्न फक्त जागेचा नाही. आयआयटी दिल्लीत ट्रिप नावाचं संशोधन केंद्र आहे, दिवंगत प्रा. दिनेश मोहन आणि प्रा. गीतम तिवारी यांच्या कामामुळे ओळखलं जाणारं. तिथल्या लोकांनी एक कंटाळवाणं वाटणारं पण जबरदस्त काम केलं: पोलिसांचे मूळ एफआयआर एकेक करून वाचले आणि मेलेला माणूस नेमका कोण होता, पायी चालणारा, दुचाकीवरचा की गाडीतला, हे स्वतः लिहून काढलं. सरकारी तक्त्यांत तेव्हा पायी चालणाऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास दिसायचा. एफआयआर वाचून काढलेल्या आकड्यांत तो साधारण एक तृतीयांश निघाला. म्हणजे माणूस एफआयआरमध्ये होता, पण तक्ता भरताना हरवला. तक्त्यात तो नसेल तर फूटपाथसाठी पैसा कोण मागणार? पुढे सरकारी आकडाही वाढला, २०२२ च्या अहवालात तो साडेएकोणीस टक्के आहे.

माझ्या मते विद्यापीठाने पोलिसांसोबत काम करण्याचा खरा फायदा हाच. नवं ॲप कुणीही बनवेल. पण "तुमची नोंद इथे चुकतेय" हे कागद हातात घेऊन सांगणारा बाहेरचा माणूस लागतो.

याचा पैशाशी काय संबंध? बराच आहे

आयरॅडच्या पुढची पायरी म्हणजे ई-डार, इलेक्ट्रॉनिक डिटेल्ड ॲक्सिडेंट रिपोर्ट. यात विमा कंपनी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जोडलेलं आहे. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरण आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. नुकसानभरपाईसाठी नातेवाइकांनी कागदाच्या मागे पळायचं, ते कमी व्हावं हा हेतू. धडक देऊन गाडी पळून गेली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये, ही सरकारी योजना वेगळी.

आणि आता जे सांगतोय ते नीट वाचा. ५ मे २०२५ ला केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झाला असेल तर योजनेतल्या दवाखान्यात अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस, १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचा उपचार, आधी पैसे न भरता. योजनेत नसलेल्या दवाखान्यात प्रकृती स्थिर करण्यापुरता उपचार होतो. ही योजना चालते ई-डार आणि आरोग्य प्राधिकरणाच्या यंत्रणेच्या जोडीवर. दवाखाना पोलिसांकडे विचारणा करतो आणि पोलिसांनी "हो, हा अपघातातलाच जखमी" असं ऑनलाईन कळवायचं असतं.

त्या रात्री आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. दवाखान्यात आम्ही "कॅशलेस" हा शब्दच काढला नाही. मावशीने गळ्यातलं ठेवून पैसे आणले. आम्हीच विचारलं नाही, तर दोष कुणाला द्यायचा? तुम्ही मात्र विचारा: "ही रोड ॲक्सिडेंटची केस आहे, कॅशलेस योजनेत घेता का, ई-डारला नोंद झाली का?"

जागा सांगायचे तीन मार्ग, एक बिनइंटरनेटचा

पहिला मार्ग मामांचा. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा, ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर केशरी. मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात. "पिवळा दगड, आकडा इतका, अर्धापूरकडून येताना" एवढं पुरतं. बॅटरी लागत नाही.

दुसरा, गुगल मॅप्स. इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहावरून येतं. निळ्या टिंबावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतात. ते फोनवर वाचून दाखवा. आपल्या भागाचा नकाशा वायफायवर असताना ऑफलाईन डाउनलोड करून ठेवा. आमच्या शिवारात आजही काही जागी रेंज दांडीला टांगूनच बघावी लागते.

तिसरा, डिजिपिन. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेला हा दहा अक्षर-अंकांचा पत्ता आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तो बनलाय, म्हणजे हीसुद्धा विद्यापीठ आणि सरकारी सेवेची भागीदारीच. भारताची जमीन सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत विभागली आहे आणि प्रत्येक चौकोनाला एक कोड. घरनंबर नसलेल्या आखाड्यावर, वस्तीवर, विहिरीपाशी याचा उपयोग. पण ११२ वर सांगताना कोडसोबत गाव-तालुका-जिल्हा सांगाच.

मग प्रश्न येतो, फोन स्वतःच जागा का पाठवत नाही? पाठवू शकतो. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २०१४ मध्ये ही पद्धत सुरू केली: आपत्कालीन नंबर लावला की फोन गुपचूप जीपीएस आणि वायफायवरून जागा काढतो आणि नियंत्रण कक्षाला पाठवतो. २०१६ मध्ये गुगलने हेच अँड्रॉइडमध्ये इमर्जन्सी लोकेशन सर्व्हिस म्हणून आणलं. पण फोन तयार असून भागत नाही, घेणारी बाजूही जोडलेली लागते. भारतात डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशने ती आधी जोडली. सेटिंगमध्ये जाऊन ही सेवा चालू आहे का बघा, पण फोन पाठवेल म्हणून तोंडाने सांगायचं सोडू नका.

जाता जाता: पॉवर बटन लागोपाठ दाबून ११२ लावायची सोय भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये असते. काही फोनमध्ये तीन वेळा, काहींमध्ये पाच वेळा. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचं. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'मध्ये बघून घ्या, मजा म्हणून लावून बघू नका.

तुम्ही काढलेला व्हिडिओ

अपघात झाला की दहा जण फोन काढतात. काढा, पण काही गोष्टी पाळा. आधी ११२, मग कॅमेरा. जखमीचा चेहरा ग्रुपवर टाकू नका. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता की नाही, ब्रेकच्या खुणा, गाड्यांच्या जागा, नंबरप्लेट, जवळचा दगड हे घ्या. मूळ फाईल डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-जागेची माहिती निघून जाते. पोलिसांना द्यायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा मूळ फोनमधून द्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फाईल असणं फार महत्त्वाचं ठरतं.

आणि "मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील" ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. उलट जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेऊन जीव वाचवणाऱ्याला 'राहवीर' योजनेत २५,००० रुपये मिळतात. २०२५ च्या आधी ते ५,००० होते.

अग्निशमन दल आणि विद्यापीठ

पोलिसांचं झालं, आगीचं काय? आमच्यासारख्या गावात अग्निशमन केंद्र नसतं. उसाला आग लागली की नगरपरिषदेची गाडी तालुक्याहून निघते, तोवर लोक हिरव्या फांद्या घेऊन झोडपतात. तेव्हा जागा नेमकी सांगणं इथेही तितकंच मोलाचं.

विद्यापीठांनी या क्षेत्रात काय केलंय याची दोन उदाहरणं अमेरिकेतली आहेत, पण शिकण्यासारखी. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि निस्ट या सरकारी प्रयोगशाळेसोबत गव्हर्नर्स आयलंडवरच्या एका सात मजली रिकाम्या इमारतीत मुद्दाम आगी लावल्या. खोल्यांत फर्निचर, भिंतींना सेन्सर. खिडकी फुटून वारा आत आला आणि दार उघडं असलं की काही क्षणांत जिना आणि कॉरिडॉर भट्टी होतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्यावरून जवानांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार झाला. आपल्यासाठी त्यातली कामाची गोष्ट साधी आहे: आग लागलेल्या खोलीतून बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या.

दुसरं अटलांटाचं. जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी शहराच्या अग्निशमन विभागासोबत 'फायरबर्ड' नावाची प्रणाली केली. निरीक्षक मोजके, इमारती हजारो, मग आधी कुठे जायचं? त्यांनी ५,००० हून अधिक इमारतींना आगीच्या धोक्याचे गुण दिले आणि प्रत्यक्ष लागलेल्या आगींपैकी ७१ टक्क्यांपर्यंत आधी ओळखता आल्या. पण मला त्यांच्या २०१६ च्या पेपरमधली दुसरीच गोष्ट आवडली. वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या जुळवताना तपासणीच्या यादीत नसलेल्या हजारो व्यावसायिक जागा सापडल्या. हुशार गणिताच्या आधी याद्या जुळवण्यातच निम्मं काम होतं.

महाराष्ट्र पोलिसांचं मार्व्हल, आणि एक शंका

आपल्या राज्यात मार्च २०२४ मध्ये 'मार्व्हल' नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. सिनेमावाली नाही. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं बनवणं हे तिचं काम, केंद्र नागपुरात, आणि आयआयएम नागपूर ही त्यातली शैक्षणिक भागीदार. यातूनच 'महाक्राइमओएस' आलं, मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर चालणारं. नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत आधी वापर झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीत बँकेला कोणतं पत्र, मोबाईल कंपनीला कोणतं, कोणतं कलम हे तपास अधिकाऱ्याला सुचवणं असं त्याचं स्वरूप. ज्याचे पैसे यूपीआयवरून गेलेत त्याला तासांचं महत्त्व कळतं, त्यामुळे हे मला चांगलं वाटतं.

पण तपासाला मदत करणं वेगळं आणि गुन्हा कुठे होईल याचा अंदाज करणं वेगळं. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधनातून 'प्रेडपोल' आलं. उद्या चोरी कुठे होईल ते नकाशावर चौकोन करून दाखवायचं. अडचण ही की जुन्या नोंदी जिथे जास्त, तिथेच नवे चौकोन. तिथे पोलीस जास्त, म्हणून नोंदी पुन्हा जास्त. ज्या वस्त्यांवर आधीच नजर होती त्यांच्यावर अजून नजर. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी ते बंद केलं, आणि जूनमध्ये सांताक्रूझ शहराने असल्या साधनांवर बंदीच घातली. आपल्याकडे कुठल्या तांड्याचं, कुठल्या वस्तीचं नाव जुन्या रजिस्टरांत जास्त येतं हे मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. तेच रजिस्टर मशीनला शिकवलं तर मशीन तेच शिकणार. इथे विद्यापीठाने फक्त सॉफ्टवेअर देऊन चालत नाही. निकाल छापले पाहिजेत, चुका मोजल्या पाहिजेत, आणि बाहेरच्यांना तपासू दिलं पाहिजे.

अपघाताच्या नोंदीत आणि गुन्ह्याच्या अंदाजात मी हाच फरक करतो. पहिल्यात चूक झाली तर रस्ता दुरुस्त होत नाही. दुसऱ्यात चूक झाली तर निर्दोष पोरगा रात्री ठाण्यात बसतो.

त्या रात्रीनंतर मी घरच्यांच्या फोनमध्ये थोडं काम केलंय. लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत रक्तगट आणि माझा नंबर. आमच्या आखाड्याचा, विहिरीचा आणि फाट्याचा डिजिपिन एका नोटमध्ये. आई म्हणाली, "मला ते इंग्रजी वाचता येत नाही." मग एका पुठ्ठ्यावर मार्करने गाव, तालुका, जिल्हा, जवळच्या दगडाचा आकडा आणि ११२ मराठीत लिहून आखाड्याच्या दाराला खिळ्याने ठोकलं. भाऊ लंगडत येऊन बघून गेला आणि म्हणाला, "दादा, ट्रॉलीला पण लाव एक." रिफ्लेक्टरच्या पट्टीचा रोल अर्धापूरला मिळतो. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना लावलाय, शेजारच्यांच्या तीन बाकी आहेत.